न टेकणारा पेला

आमचे होन्मा उस्ताद प्रश्न टाळण्यात एक नंबर. कारखान्यातली खिडकीजवळची ओंडक्याची जागा ते नव्या वर्षात सोडणार, हे अख्ख्या त्सुबामे गावाला ठाऊक होतं. त्या ओंडक्यात लोखंडी दांडा रोवून साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, तांब्याचे पेले मठारायचे, आणि तिथे बसणाऱ्याच्याच पेल्यांवर कारखान्याचा शिक्का. मला ती जागा हवी होती, अगदी जीव जळत होता तिच्यासाठी. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या पेल्यांना कल्हई करतेय, रंग चढवतेय, आणि जेवणाच्या सुट्टीत चोरून स्वतः मठारतेय. पण विचारायला गेलं की उस्ताद हातातलं खाली ठेवणार, "बघू हं, किनुए," म्हणणार आणि संडासात जाऊन बसणार. जागा त्यांच्या भाच्याला, क्योसुकेला मिळणार असं सगळे धरून चालले होते. क्योसुके तर सगळ्यांच्या आधी.

म्हटलं थांबा, आता तुम्हाला उठूच देत नाही.

मी एक पेला मठारला आणि त्याचं बूड मुद्दाम गोल ठेवलं. असा पेला खाली ठेवला की कलंडतो, म्हणून संपेपर्यंत हातात धरावा लागतो. वर त्यात मी ओतणार होते चुलीवरून उतरवलेली कढत साके. तांब्याच्या पेल्यात कढत साके आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओतणार नाही, बोटं भाजतात. म्हणजे उस्तादांना पिता येणार नाही, ठेवता येणार नाही, झक मारत उत्तर द्यावं लागेल. कल्हई करताना मला एकटीलाच हसू फुटत होतं.

वर्षअखेरच्या मेजवानीत मी पेला उस्तादांच्या हातात दिला, काठोकाठ भरला आणि समोर गुडघे टेकून बसले.

"उस्ताद, ओंडका कोणाला?"

त्यांनी पेला टेकवायला हात खाली नेला, बूड पाहिलं, परत वर घेतला. साकेतून वाफा निघत होत्या. मी बोटं नाचायची वाट बघत बसले. उस्ताद आपले ढिम्म. फुंकर मारताहेत, खारवलेला मासा चघळताहेत, यंदा बर्फ फार म्हणताहेत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर ठोक्यांखाली तापलेलं तांबं फिरवलेला डावा हात तो, त्याला कसली धग लागतेय? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

उस्तादांनी पेला संपवला, उलटा करून ठोके निरखले आणि माझ्यापुढे धरला. उस्तादांनी आपला पेला पुढे केला की नाही म्हणायची सोय नसते. मग त्यांनी कढत साकेची किटली मागवली आणि तो तसाच काठोकाठ भरला.

"आता तू धर," ते म्हणाले. "आणि सांग, तुला का द्यायचा?"

मग मी सुटलेच. कल्हईच्या धुरात गेलेली वर्षं काढली, कोणाला न दाखवता भंगारात टाकलेले माझे पेले काढले, त्यांचं "बघू हं"सुद्धा काढलं. आवाज चढला, नाक वाहायला लागलं, तरी थांबले नाही. शेवटी क्योसुके हसत पुढे आला. मामा, हिचं संपायचं नाही, पेला मीच घेतो, असं म्हणत त्याने माझ्या हातातून घेतला आणि किंचाळला. साके त्याच्या मांडीवर, पेला चटईवर. हातमोजे घालून मठारणारा माणूस, दुसरं काय होणार?

सगळे पोट धरून हसत होते. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. एवढा वेळ पेला धरला होता आणि मला भाजलंच नव्हतं. माझ्याच हाताला कधी घट्टे पडले, हे मला कळलंसुद्धा नव्हतं. उस्तादांना ते कधीच दिसलं होतं.

"त्या पेल्याला सपाट बूड काढ," ते म्हणाले. "खिडकीपाशी बसून काढ. शिक्का तिथेच असतो."

मला रडूच कोसळलं. क्योसुकेला वाटलं, मलाही भाजलं.