ताठ

लोहाराने मिकोवायचा विळा सरळ केला, त्याच क्षणी मिकोवायचा कणाही सरळ झाला आणि त्याला वाकता येईना. पीक कापायचा लांब दांड्याचा विळा तो. पाते दांड्याच्या रेषेत उभे बसवले की त्याचा भाला होतो. पोलंडमधल्या त्या गावात त्या आठवड्यात सगळ्याच पुरुषांनी तसे करून घेतले, कारण जमीनदारसाहेबांनी चर्चच्या पायरीवरून जाहीर केले होते, "जो शस्त्र धरील तो नागरिक. त्याची वेठ माफ."

मिकोवायला अभिमान वाटला, खोटे कशाला बोला! बापजन्मी त्याच्या घराण्यातले कोणी साहेबांपुढे मान वर करून उभे राहिले नव्हते. हा पठ्ठ्या आता त्यांच्या घोड्यासमोरही खांबासारखा उभा असे.

पण घराचे दार ठेंगणे, त्यामुळे तो अंगणातच उभ्याने जेवे. शेतात जव पिकून झडायला लागला होता. पीक घरात आले नाही तर हिवाळ्यात पोरे उपाशी मरणार होती. तो लोहाराकडे गेला. लोहार ऐरणीसमोर ताठ उभा होता आणि त्याचा हातोडा ऐरणीपर्यंत पोचत नव्हता.

"पाते पुन्हा वाकवून दे, चार दिवसांपुरते."

"दिले असते रे. पण नागरिकाला वाकवणे गुन्हा आहे."

घरी बायकोने, बाशाने, छोटा विळा काढला. बायकांच्या हाती कोणी शस्त्र दिले नव्हते, म्हणून त्यांना वाकता येत होते.

"तुम्ही व्हा नागरिक," ती म्हणाली, "मी कापते." आणि उंच जवात दिसेनाशी झाली.

दुपारी नगारा वाजला. तीनशे ताठ माणसे रांगा धरून निघाली. मिकोवाय पहिल्या रांगेत होता. रस्ता त्याच्या शेतापाशी डावीकडे वळतो, पण वळायलाही कंबर लागते. रांगा सरळ जवात शिरल्या.

त्याला खाली बघता येईना, थांबता येईना, पाठीमागून लोक रेटत होते. तो समोर बघतच ओरडला.

"बाशा, ऊठ! बाजूला हो!"

"दोनच पेंढ्या राहिल्यात," खालून, अगदी जवळून आवाज आला.

त्याने पुढचे पाऊल उचलले. जवात विळा सपसप चालला होता.