पोचट बिया

आत्यांनी ताटली तोंडाजवळ धरून हलकी फुंकर मारली. पोचट बिया उडून फरशीवर पडल्या आणि ताटलीत नऊ टपोऱ्या बिया उरल्या. साध्या टोमॅटोच्या बिया, पण त्यांच्यापायी संशोधन केंद्रातल्या मॅडमनी सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं. मर रोग बागेतल्या टोमॅटोला उभ्याउभ्या सुकवतो, रानटी टोमॅटोला शिवतही नाही. दोघांचा संकर करून रोगाला दाद न देणारं रोप मिळवायचं, हा एकच ध्यास. यंदा कसंबसं एका फळात बी धरलं होतं. रानटी रोप थंडीत मेलं होतं, मॅडम आठ दिवसांनी निवृत्त होणार होत्या. आता पुन्हा कसली संधी!

बी निवडण्यात आत्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वीस वर्षं तेच काम; केंद्रात सगळेच त्यांना आत्या म्हणत, संचालकसुद्धा. त्यांनी फरशी झाडली, केर टोपलीत टाकला आणि ताटली ऐटीत मॅडमपुढे ठेवली.

"बघा, कशा भरल्यात!"

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाकीच्या कुठायत?"

"पोचट होत्या. टाकल्या."

"टाकल्या? अहो आत्या, त्याच तर हव्या होत्या!"

"पोचट बी कुणाला हवं असतं?" आत्याही जरा फणकारल्या.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. पण शिकवायची खोड अशा वेळीही सुटेना.

"पाइनसारखी जुन्या वंशाची झाडं असतात ना, ती पाहुणा, म्हणजे गर्भ, यायच्या आधीच त्याचं जेवण रांधून ठेवतात. आला नाही, तर सगळं वाया. फुलझाडं मागून आली आणि शहाणी निघाली. पराग पोचला, पाहुणा दारात आला, की मगच चूल पेटवायची. परागातून दोन पेशी येतात. एकीमुळे गर्भ धरतो, दुसरीमुळे त्याचं जेवण तयार होतं. पराग परक्या जातीचा असला, की गर्भ धरतो पण चूल विझते. बी सुकतं. आतला गर्भ उपाशी असतो, पण एखादा जिवंत राहतो."

"मग ह्या टपोऱ्या कुठून आल्या?"

"ह्या त्याच फुलाच्या स्वतःच्या परागाच्या. संकर नाहीच तो."

"पण फुलातले परागाचे पुंकेसर तर तुम्ही आधीच चिमट्यानं काढून..." आत्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

पुंकेसराचा एक तुकडा आत राहिला तरी सगळं मुसळ केरात. म्हणूनच मॅडम त्या चिमट्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर घेतला. आत्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मॅडमचा कप बशीत वाजतो, हे त्यांनी वर्षभर ऐकलं होतं.

"उठा," त्या म्हणाल्या, "केर अजून टोपलीतच आहे."

टोपली कागदावर उपडी केली. केस, दोरे, पेन्सिलीचा भुसा. दुपारपर्यंत तेवीस बिया सापडल्या. त्या धुऊन भिजत घातल्या आणि संध्याकाळी जंतू शिरू न देणाऱ्या काचेच्या कपाटापुढे बसून एकेक कापली. आत काही नाही. काही नाही. तपकिरी चोथा. सतराव्या बीत पांढरा, वळलेला, खसखशीहून बारीक ठिपका दिसला.

मॅडमनी सुई ज्योतीवर धरली, निवू दिली, बीजवळ नेली. टोक थरथरलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग सुई खाली ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"आत्या, बसा इथं."

"मी?"

"तुम्हीच. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आत्या बसल्या. त्यांनी श्वास रोखला, ठिपका सुईच्या टोकावर अलगद उचलला आणि काचेच्या नळीतल्या जेलीसारख्या खळीवर ठेवला. साखर, क्षार, जे बीत मिळायला हवं होतं ते सगळं त्या खळीत होतं. मॅडमनी बूच लावलं, तेवढं त्यांना जमलं.

"माझ्या हाताचं तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातून काम गेलं, तर तुम्ही खचाल, असं वाटलं. चुकलंच माझं."

मॅडमनी नळी उजेडात धरून पाहिली आणि मांडणीत लावली.

"मूळ फुटायला तीन आठवडे तरी लागतील. तोवर मी घरी."

"मी फोन करीन ना."

"फुटलं तर करा."

"नाही फुटलं तरी करीन," आत्या म्हणाल्या.