भरून न आलेली जखम

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गुऱ्हाळावर गोजराबाईच्या डाव्या पायावर उकळता रस सांडला. जखम सुकली, पण वरची कातडी कागदासारखी पातळच राहिली. वाफ्यातल्या काडीचा ओरखडा लागला तरी ती फुटायची, महिना-दोन महिन्यांत पुन्हा धरायची. नवरा पुंजा रोज सकाळी पट्टी बदलायचा आणि मग शेवंतीची पाटी घेऊन नाशिकच्या फुलबाजाराला निघायचा. अशी वर्षं गेली.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात जखमेच्या कडा वर आल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या.

"मांस धरतंय," पुंजा म्हणाला. "औंदा भरून येतंय बघ."

पण वास सुटला, तेव्हा तो तिला शहरातल्या सर्जनकडे, डॉक्टर शहाण्यांकडे घेऊन गेला. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "कातडीच्या तळाशी काही मूळ पेशी असतात. जखम झाली की त्या नवी कातडी तयार करतात, भरून आली की थांबतात. तुमच्या पायात त्यांना कधी थांबताच आलं नाही. अशानं एखादी बिघडते आणि वाढतच सुटते."

"म्हंजी मला बरं करता करताच बिघडल्या?" गोजराबाईने विचारलं.

"तसंच म्हणा."

पुंजा खाली बघत होता. "पट्टी मीच करायचो, डाक्टर. माझंच काय चुकलं का?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"पाय काढाय लागंल?" तिने विचारलं.

"गुडघ्याखाली. अजून वर चढलेलं दिसत नाही, म्हणून लवकर."

पुंजा काही बोलणार, तोच ती म्हणाली, "काढा. लय वर्सं झाली, मी बी दमले अन् तो पाय बी दमला."

ऑपरेशन झालं. उरलेल्या पायाच्या टोकावर गुलाबी कातडी धरू लागली, तसा पुंजा घाबरला. पूर्वी भरून येताना बघून त्याला बरं वाटायचं. आता झोप उडाली. दर तपासणीला तो एकच विचारायचा, "ही थांबंल ना?" डॉक्टर बोटांनी चाचपून म्हणायचे, "थांबलीय."

खरंच थांबली. दोन हिवाळे गेले तरी कुठे गाठ आली नाही. गोजराबाई ओसरीत बसून हार ओवायची, कुबडी भिंतीला टेकवलेली. बाजारातून आल्याबरोबर पुंजा तिच्या पायाशी बसे आणि लुगड्याचा काठ सरकवून निरखत राही.

एका दुपारी तिने त्याचा हात बाजूला केला.

"आता बघू नका," ती म्हणाली. "जरा पडू द्या मला."

तो उठला आणि पाटी धुवायला विहिरीवर गेला.