पानफुटीचा पुरावा

शिंपीमास्तरांच्या दुकानात कपडे वेळेवर मिळत नसत. मुतखड्यावरचं औषध मात्र ताबडतोब मिळे. दारातल्या कुंडीत पानफुटी फोफावली होती. कुणी जरा कंबर धरून चाललं, की मास्तर चार पानं पुडीत बांधून देत. पैसे घेत नसत. त्यामुळे गुणाबद्दल शंका घेणं कुणाला बरं दिसत नसे.

या खेपेला रोगी घरचाच निघाला, बायकोचा भाऊ. मेहुणा वेदनेनं गडाबडा लोळला, पानांचा रस प्यायला आणि दोन-चार दिवसांत शीळ घालत दाढी करू लागला.

"बघ अक्का," मास्तर थोरल्या बहिणीला म्हणाले, "पडला खडा. आता दुपारची सोनोग्राफी रद्द."

अक्का जन्मभर परिचारिका होती. तिनं विचारलं, "पडलेला पाहिलास?"

"दुखायचं थांबलं ना?"

"अडकलेला खडाही कधी कधी गप्प बसतो. किडनी मात्र आत फुगत राहते."

"अगं, एवढ्या लोकांना पानं दिली. एकाची तक्रार नाही."

"गुण आला नाही तो शिंप्याकडे कशाला येईल? तो दवाखाना गाठतो. आणि बारीक खडे बरेचदा आपोआपही पडतात. श्रेय तुझ्या कुंडीला."

"म्हणजे जुने लोक वेडे?"

"मी कुठं म्हटलं? पानात गुण असेलही. पण काहींना रस द्यायचा, काहींना नुसतं पाणी, आणि दोघांचेही खडे आधी-नंतर तपासायचे, तेव्हा कळणार. गिऱ्हाईक म्हणालं, 'माझी कंबर बत्तीस', तर तू तेवढ्यावर कापड कापतोस?"

बत्तीस सांगणाऱ्या कमरांनी मास्तरांना पुष्कळ शिकवलं होतं. मेहुण्याला घेऊन ते सोनोग्राफीला निघाले.

खडा नळीत तसाच अडकला होता. किडनी सुजली होती. "असंच राहिलं असतं, तर ती कायमची अधू झाली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुर्बिणीनं खडा काढावा लागला.

मेहुण्याच्या उशाशी बसून मास्तर हळूच म्हणाले, "बाबा, तुला बरं करण्यापेक्षा माझं खरं करण्याचीच मला घाई झाली होती."

तेव्हापासून पानं मागणाऱ्याला ते एकच सांगतात, "आधी तपासून या. पानं कुठं पळून जात नाहीत."

वाचकहो, झाडपाल्याला हसू नका आणि त्याच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. परंपरेचा मान राखायचा तर तिची परीक्षा घ्यावी. तोवर आपल्या माणसाची तपासणी टाळू नये. मेहुणे पुष्कळ असतील. किडन्या मात्र प्रत्येकी दोनच.