दर अक्षराला राब

मुरबाडच्या ऑफिसात ओमकार आमचा टीम लीड. कोड लिहिताना एडिटरमध्ये चुका दाखवणारा, पुढचा शब्द सुचवणारा लँग्वेज सर्व्हर त्यानंच लिहिलेला. एक अक्षर दाबलं की नऊ सेकंद नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं.

घरून काम करताना मी तक्रार केली, तर म्हणाला, "तुझ्या शेणवे गावचं नेट स्लो असंल गो, हर्षाली."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर बसले, वायफाय बंद केलं आणि अक्षर दाबलं. नऊ सेकंद.

"सर्व्हर लॅपटॉपमध्येच चालतो, नेटचा काय संबंध रे? कोडच्या सुरुवातीला जोडलेल्या चारशे फाइली तू दर अक्षराला पहिल्यापासून वाचतोस. त्या बदलल्यात का? नाय! घरी भातशेती आहे ना तुझ्या? रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब वर्षातून एकदाच भाजतात, मग त्यात बी पेरतात. तू एकेका रोपासाठी नव्यानं राब भाजतोस!"

सगळं ऑफिस हसलं. मग मी माझा बदल चालवून दाखवला. चारशे फाइली एकदाच वाचून तयार ठेवायच्या, एखादी बदलली तरच पुन्हा वाचायची. अक्षर दाबताक्षणी सूचना आली.

ओमकारनं खुर्ची पुढं ओढली. "बरा झालाय. मुख्य कोडमध्ये माझ्या नावानं टाकतो, साहेबांना दाखवायचाय."

"सकाळीच टाकलाय मी. साहेबांनी वाचलासुद्धा."

त्यानं घाईघाईनं त्या बदलाची नोंद उघडली. माझ्या नावाखाली एवढंच होतं: 'दर अक्षराला राब भाजणं बंद केलं. भाजणारा: ओमकार.'