दार धरणारा माणूस

पेलेनाटोनं स्वतःबद्दल लिहिलेला कागद त्याच्या मुलीनं, लांगीनं वाचला आणि कपाळावर हात मारला.

"पपा, हा नोकरीचा बायोडेटा आहे की माफीनामा? 'मी फार शिकलेलो नाही, माझ्याहून चांगली माणसं असतील, चूकभूल पोटात घाला...' कोण देईल नोकरी?"

"आधी स्वतःला खाली ठेवायचं, मग बोलायचं. सामोअन माणूस असंच सुरू करतो."

"गावच्या सभेत! ऑकलंडात असला कागद थेट कचऱ्यात जातो."

चिकनचा कारखाना बंद पडला त्याला बरेच महिने झाले. ऑकलंडच्या त्यांच्या भागात, मांगेरेत, दुसरं काम मिळेना. गोदामातली ही मुकादमाची जागा हुकली तर ऑस्ट्रेलियातल्या खाणीवर जायचं, हे ठरलेलं. एकट्यानं. बायकोचं डायलिसिस, लांगीचं शाळेचं शेवटचं वर्ष, सगळं इथंच टाकून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

लांगीनं कागद नव्यानं लिहायला घेतला.

"कारखान्याच्या शीतगृहात अमोनिया गळला, तेव्हा आत कोण गेलं?"

"सगळेच होते गं."

"पपा. खरं."

"...मी."

"माणसं कुणी बाहेर काढली?"

"मीच. पण असं लिहायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या गळ्यात हार घालायचा. लाज वाटते."

"घाला की. कोण बघतंय?"

तिनं लिहिलं. शब्दन् शब्द खरा. आणि खरंच, मुलाखतीला बोलावणं आलं.

टेबलामागे ब्रिजेट नावाची तरुण मॅनेजर होती. शेजारी तुआला. गोदामातले जुने कामगार, पेलेनाटोच्या चर्चचे, त्याच्या वडिलांच्या गावचे वडीलधारे. आपला माणूस समोर असला की उमेदवाराला धीर येईल, म्हणून कंपनीनं मुद्दाम बसवलेले. त्यांना बघून पेलेनाटो खुर्चीच्या कडेवरच टेकला.

"तो गॅसगळतीचा प्रसंग जबरदस्त आहे हं," ब्रिजेट म्हणाली. "सांगा ना, तुम्ही काय केलंत?"

त्यानं तुआलांकडं पाहिलं. म्हातारा जमिनीकडं बघत होता. या माणसासमोर पेलेनाटोच्या बापानंसुद्धा कधी स्वतःची बढाई मारली नव्हती.

"सगळ्यांनी मिळून केलं. देवाची कृपा. मी नुसता दार धरून उभा होतो."

तुआलांची मान समाधानानं हलली. ब्रिजेटनं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"दार धरून?"

"हो."

बाहेर तुआलांनी त्याला मिठीत घेतलं. "तुझा बाप असता तर छाती फुगली असती त्याची. आता आत मी काही बोलणार नाही हं. आपल्याच माणसाची शिफारस बरी दिसत नाही."

दोन दिवसांनी ब्रिजेटचा फोन आला. फार सभ्यपणे बोलली. कागदावर एक आणि तोंडी एक, असं झालं म्हणाली. आम्हाला खरं लिहिणारा माणूस हवा.

"एक वाक्य, पपा!" लांगी रडत ओरडली. "एक खरं वाक्य बोलायचं होतं!"

"तुआला समोर होते गं."

तुआलांसमोर तिचीही नजर कधी वर होत नसे.

खाणीलाही हाच कागद पाठवायचा होता. डोळे पुसून तिनं तो उघडला. "तो प्रसंग काढून टाकू?"

पेलेनाटो बायकोच्या खोलीच्या बंद दाराकडं बघत बसला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "तिथं आपलं कुणी नाही."