घंटा बंद झाल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझे डोके तापलेले आहे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. आपण घसा फोडून ओरडावे आणि समोरच्यांनी हाताची घडी घालून आपण गप्प होण्याची वाट पाहावी, असे तुमच्या बाबतीत झाले असते, तर तुम्हीही चिडला असता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ठोकून मला वाटीचा आकार दिला आणि पोटाशी एक छोटी हातोडी बसवली. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला वाजवून पाहिले, कानांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "हिच्याकडे कोणाचं दुर्लक्ष होणार नाही!" बिचाऱ्या बाई!

मला अंडी उबवण्याच्या यंत्राच्या माथ्यावर बसवले. काम अगदी सोपे होते. आतली ऊब फार वाढली की मी वाजायचे. मी वाजले की माणसांनी बाजूची झडप उघडायची आणि गरम हवा बाहेर सोडायची. हवा बेताची झाली की मी आपोआप गप्प. एवढेच.

आमचे यंत्र ज्या घरी आले, तिथे घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सूनबाईंनी पिल्लांचा व्यवसाय मांडला होता. नवरा दूरच्या गावी नोकरीला, म्हणून घरात त्या, त्यांचे सासरे आणि धाकटा दीर. सासऱ्यांना हा उद्योग मनापासून पसंत नव्हता. "तीन खेपा बघू," ते म्हणाले होते. "नाही जमलं तर यंत्र विकून टाकायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही." सूनबाई मान हलवून हो म्हणाल्या, पण मी वरून त्यांचा चेहरा पाहत होते. हे काम त्यांना मनापासून हवे होते.

यंत्रासोबत सूचनांचा कागद आला होता, सगळा इंग्रजीत. दिराला इंग्रजीची भारी हौस. त्याने शब्दकोश उघडला, बाह्या सरसावल्या आणि सुवाच्य अक्षरात मराठी पाटी लिहून माझ्या खालीच ठोकली.

त्या कागदात 'गो ऑफ' हे दोन शब्द तीनदा आले होते. पहिल्यांदा आत ऊब देणाऱ्या दिव्याबद्दल. दिराने लिहिले, 'दिवा बंद झाल्यास नवा बसवावा.' बरोबर! मग अंड्यांबद्दल. त्याने लिहिले, 'बंद झालेली अंडी बाजूला काढावीत.' ते वाचून सासरे खूप हसले. "अरे, उघडं अंडं कोणी पाहिलंय का? सगळीच बंद असतात!" दीर म्हणाला, "बाबा, तांत्रिक भाषा आहे ती. तुम्हाला नाही कळायची." आणि तिसऱ्यांदा आले माझ्याबद्दल. माझ्याच नाकाखाली त्याने लिहिले, 'घंटा बंद झाल्यावर झडप उघडावी. एरवी झडपेला हात लावू नये.'

तिथेच माझे नशीब फुटले.

पहिल्या खेपेला एका दुपारी ऊब वाढली आणि मी वाजू लागले. तिघेही धावत आले. मला किती आनंद झाला! पण ते आले आणि ओळीने उभे राहिले.

"उघडू का?" सूनबाईंनी विचारले.

"छे, छे! अजून कुठे बंद झालीये? पाटी वाचा की, वहिनी."

मी वाजत होते. आत अंडी भाजत होती. उघडा हो, उघडा, असे मी माझ्या एकुलत्या एक सुरात सांगत होते, आणि दीर म्हणत होता, "काय चिवट घंटा आहे! थांबायचं नाव नाही." शेवटी वीज गेली तेव्हा मी थांबले. मग त्यांनी अगदी नियमाप्रमाणे झडप उघडली. त्या खेपेला एकही पिल्लू निघाले नाही.

दुसऱ्या खेपेलाही तेच. माझ्या तोंडात फडके मात्र जास्तीचे कोंबले, कारण सासऱ्यांचे डोके दुखत होते. सासरे कोणाला टाकून बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी बोललेच. "सूनबाई, हे काम तुझ्या हातचं नाही." सगळे गेल्यावर त्या निवलेली अंडी एकेक करून उचलत राहिल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मला तेव्हा इतका राग आला, की हातोडी स्वतःच्याच डोक्यात घालून घ्यावीशी वाटली. खरे तर माझे कामच ते होते, पण उपयोग काय?

मग आली तिसरी खेप. तीन आठवडे होत आले होते. अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू येऊ लागली होती. आणि नेमकी त्या सकाळी ऊब वाढली. मी जिवाच्या आकांताने वाजू लागले.

पुन्हा तिघे ओळीने उभे. माझ्या आवाजाखाली आतली चिवचिव मंद होत चालली. सूनबाईंनी यंत्राला कान लावला आणि झटकन झडपेवर हात ठेवला.

"वहिनी, पाटी!" दीर ओरडला.

"खापर माझ्याच डोक्यावर फुटणार आहे ना, भाऊजी? मग उघडून फुटू दे!"

त्यांनी झडप उघडली. गरम वाफारा बाहेर आला. थोड्याच वेळात मी गप्प झाले, आणि त्या शांततेत चिवचिव पुन्हा ऐकू आली. सासरेही यंत्राला कान लावून ऐकू लागले.

दीर मात्र शब्दकोश घेऊन आला आणि उभ्या उभ्या वाचू लागला. "गो ऑफ. निघून जाणे. बंद पडणे. स्फोट होणे. नासणे..." तो अडखळला. "नासलेली अंडी बाजूला काढायची होती होय!" मग त्याचे बोट आणखी खाली सरकले आणि चेहरा उतरला. "घंटा इत्यादी... वाजू लागणे." त्याने पुस्तक आपटले. "ही काय भाषा आहे? दिवा विझला तरी तेच आणि घंटा वाजली तरी तेच!"

सूनबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "भाऊजी, आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, दूध खाली लागतं, आणि शेजारचे काका आपले कोणी लागत नाहीत. तिकडचा माणूस इथे आला तर कुठे डोकं आपटेल?"

"वहिनी, चुकलं माझं," तो म्हणाला. त्याने पाटी उतरवली. सासऱ्यांनी पिल्लांसाठी खोके आणून दिले. यंत्र विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, शब्दकोशातला पहिला दिसेल तो अर्थ उचलू नका. शब्द कोणाबद्दल बोलतो आहे, ते आधी पाहा. आणि कोणी जीव तोडून ओरडत असेल, तर तो गप्प व्हायची वाट पाहू नका. पहिल्या दोन खेपांची पिल्ले मी अजून विसरलेली नाही.

आता नवे यंत्र आले आहे. मला स्वयंपाकघराच्या दाराशी टांगले आहे. जेवण तयार झाले की सूनबाई मला वाजवतात, आणि पहिल्याच ठोक्याला सगळे हातातले काम टाकून धावत येतात. जेवायला मात्र मी बंद व्हायची वाट कोणी पाहत नाही!